तेल जातं कुठे?

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मांडव्याहून रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझी एक शेड आहे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी पडलेली वाळू आणि मधे कोणाचं तरी उघडं पडलेलं यंत्र. या धंद्यात माझी चाळीस वर्षं गेली. आयटीआयमधून बाहेर पडलो, काही वर्षं माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये हात काळे केले आणि मग गावाकडे परत आलो, कारण तोवर मुंबईच्या बंगलेवाल्यांच्या स्पीडबोटी आमच्या किनाऱ्याला लागायला लागल्या होत्या.

माझा फोन सकाळी सहा ते सातच्या दरम्यान वाजतो. बोट सुटण्याआधीची ही वेळ. फोनवर बहुधा एखादा तरुण बोटवाला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "काका, तेल कमी झायलंय. कवरा वतू?" कवरा वतू, म्हणजे किती ओतू. पूर्वी मी या प्रश्नाला झोपेतसुद्धा उत्तर द्यायचो. आता देत नाही. का देत नाही, तेच आज सांगायला बसलो आहे.

आधी यंत्राची ओळख करून देतो. आपल्यापैकी पुष्कळांनी गेटवेसमोर पळणाऱ्या स्पीडबोटी पाहिल्या असतील. काहींच्या मागे अख्खं इंजिनच टांगलेलं दिसतं, ते आउटबोर्ड. काहींच्या मागे मात्र इंजिन दिसत नाही. ते मोटारीच्या इंजिनासारखं बोटीच्या पोटात, मागच्या बाजूला बसवलेलं असतं आणि पाठीमागच्या फळीतून बाहेर फक्त एक जाडजूड पाय पाण्यात सोडलेला असतो. त्या पायाच्या टोकाला पंखा. या रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. आम्ही नुसतं 'लेग' म्हणतो. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीनं १९५९ साली ती बाजारात आणली आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या मर्क्युरी कंपनीनंही आपला लेग काढला. आज आमच्याकडे येणारे लेग बहुतेक या दोन घराण्यांचेच असतात.

लेगच्या पोटात काय चालतं ते समजायला आपला हात कोपरात वाकवून पाहा. दंड आडवा धरा, कोपरापासून हात खाली सोडा आणि मनगटातून तळवा पुन्हा आडवा करा. इंजिनाची ताकद अशीच दोन वळणं घेते. आडव्या दांड्यावरून ती लेगच्या डोक्यात येते, तिथली गिअरची जोडी तिला काटकोनात खाली वळवते, उभ्या दांड्यावरून ती पाण्याखाली उतरते आणि तळाशी दुसरी जोडी तिला परत आडवी करून पंख्याच्या हवाली करते. मोटारीएवढ्या इंजिनाची सगळी ताकद या दोन कोपऱ्यांवरून जाते. तिथे दात दातावर घासतात, आणि त्यांच्यामध्ये जो काही आधार आहे तो दोन-अडीच लिटर तेलाचा. बाहेर सगळीकडे खारं पाणी, आत हे तेल, आणि दोघांच्या मधे रबराच्या काही कड्या. एवढ्यावर सगळा कारभार.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. इंजिनाचं ऑइल थोडं थोडं कमी होतं, कारण त्यातलं थोडं जळतं. स्कूटरवाल्यालाही हे माहीत असतं. लेगमधलं तेल जळत नाही. तिथे ज्वाळा नाही, ठिणगी नाही, बाहेरून समुद्राचं पाणी सतत त्याला थंड ठेवत असतं. मग ते कमी कसं होईल? बरणीतलं लोणचं कमी झालं, तर ते आटलं असं घरात कोणी म्हणत नाही. कोणीतरी खाल्लं, एवढंच म्हणतात. लेगमधलं तेल कमी झालं, तर ते कुठून तरी बाहेर गेलेलं असतं. तेव्हा किती ओतू हा प्रश्नच नव्हे. गेलं कुठे, हा प्रश्न आहे.

बऱ्याच लेगना एक बाटली जोडलेली असते. पांढरट प्लास्टिकची, बोटीच्या आत, इंजिनाजवळ बसवलेली. तिच्यातून एक रबरी नळी फळीतून बाहेर लेगमध्ये जाते. ही बाटली मुद्दाम पाण्याच्या पातळीच्या वर ठेवतात. दवाखान्यात सलाइनची बाटली उंच टांगतात ना, तसंच. उंचीमुळे लेगमधल्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबापेक्षा थोडा जास्त राहतो. एखाद्या कडीला बारीक फट पडलीच, तर आधी तेल बाहेर जातं. पाणी आत शिरत नाही. बाटलीतली पातळी उतरलेली दिसते आणि पुरेशी उतरली की आतला तरंगता खटका बझर वाजवतो. ही सोय फार विचार करून केलेली आहे, आणि तीच आमच्या लोकांना फसवते. बाटली उतरली की ओतायची, उतरली की ओतायची. बोट पळते आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. पण सलाइनवर असलेल्या माणसाला कोणी बरा झाला म्हणत नाही.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. २००६ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याच गावचा एक पोरगा एका बंगलेवाल्यांच्या बोटीवर होता. वडील मासेमारीला जायचे, हा मात्र स्पीडबोटीच्या मागे. हात चांगला, नजर चांगली, आणि मला फार मान द्यायचा. एप्रिलच्या शेवटी त्यानं फोन केला. बाटली दोन बोटं उतरली होती. माझ्या शेडमध्ये तेव्हा चार बोटी उभ्या, पावसाळ्याआधीची घाई. मी म्हटलं, "ओत थोडं. रविवारी बघतो." तो रविवार आला नाही. त्याचे फोन मात्र येत राहिले. आधी चार दिवसांनी, मग दोन दिवसांनी. प्रत्येक वेळी मी म्हणालो, "ओत." एकदा तो म्हणाला, बझर मधेच वाजतो. मी म्हटलं, "तो खटका कधीकधी चिकटतो रे. लक्ष देऊ नको." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

त्यानं लक्ष दिलं नाही. मालकांना तो आवाज नको वाटायचा, म्हणून त्यानं बझरची वायरच काढून ठेवली.

मेचे शेवटचे दिवस. दुपारनंतर वारा उठतो, पाण्यावर पांढरे फटकारे दिसायला लागतात, कोळी आकाशाकडे बघून बोलायला लागतात असे ते दिवस. बोट गेटवेवरून मांडव्याला निघाली. रस्त्यानं अलिबाग म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास, स्पीडबोटीनं मांडवा वीस-पंचवीस मिनिटं. बोटीत मालकांच्या आई, सून आणि दोन लहान मुलं. अर्धी वाट झाली आणि लेगमधून किंचाळल्यासारखा आवाज आला. नंतर एक दणका, आणि इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, तर इंजिन फिरतंय पण पंखा फिरत नाही. जागा म्हणाल तर बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेवर. नांगर टाकावा, तर तिथेच अडकून राहायचं. न टाकावा, तर ओहोटी बोटीला बाहेर समुद्राकडे ओढून नेणार. पोरगं विशीतलं. त्यानं नांगर टाकला नाही. वहाणा-चपला ठेवायची एक फळी होती, ती उचलून वल्ह्यासारखी चालवत, जहाजांची वाट सोडून आडवं सरकत राहिला. मुलं ओकत होती, आजीबाई जप करत होत्या. दीड तासानं एका मच्छीमार बोटीनं दोर टाकला आणि त्यांना ओढत आणलं.

दुसऱ्या दिवशी मी लेग खाली घेतला. तळाचा स्क्रू काढला की तेलाची जाड धार पडायला हवी. आधी गढूळ पाणी पडलं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि आधी येतं. मग दूध घातलेल्या कॉफीसारखा, चमकी मिसळलेला थोडा फेस आला. ती चमकी म्हणजे गिअरचे दात. वरच्या कोपऱ्यातली जोडी निळीकाळी पडलेली होती. तेल उतरलं की आधी वरचे गिअर कोरडे पडतात, कारण उरलंसुरलं सगळं तळाशी. मग मी पंखा काढला. पंख्याच्या मागे, दांड्याभोवती, बोराएवढी एक कडक गाठ. तंगूस. गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. कुठेतरी पाण्यात सोडलेला तो पंख्याबरोबर फिरत फिरत आत ओढला गेला, घर्षणानं वितळला आणि सुरीसारखा सीलच्या ओठात शिरला. एप्रिलच्या त्या पहिल्या रविवारी मी पंखा काढला असता, तर अर्ध्या तासाचं काम होतं. काही शे रुपयांचं सील. आता नवा लेग घ्यावा लागला आणि त्याची किंमत लाखांत होती.

मालकांनी विचारलं, चूक कोणाची? मी म्हटलं, तंगूस अडकली होती, कोणाचीच नाही. ते खरंही होतं आणि खोटंही. मालकांना मात्र उघडी पडलेली बझरची वायर दिसली होती. पोराला त्यांनी काढून टाकलं. तो माझ्याकडे बघत उभा होता. माझे शब्द त्यानं सांगितले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत.

त्यावर मी पुढे येईन. आधी काम सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत बोटवाले असतील, आणि या गोष्टी त्यांना माझ्या दुःखापेक्षा जास्त उपयोगी आहेत.

बाटली उतरलेली दिसली की लगेच घाबरायचं नाही, आणि लगेच ओतायचंही नाही. तेल नुकतंच बदललं असेल, तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पातळी थोडी उतरतेच. लेगमध्ये कुठेतरी अडकलेली हवा फिरण्यानं सुटते आणि तिची जागा तेल घेतं. म्हणूनच तेल वरून न ओतता तळाच्या भोकातून पंपानं वर चढवायचं असतं. खालून तेल, वरच्या भोकातून हवा बाहेर. वरून ओतलं की मधे हवेचे फुगे राहतात. शिवाय तेल तापलं की फुगतं. बोट पळवून आल्याबरोबर पाहिलेली पातळी आणि सकाळी थंड असताना पाहिलेली पातळी, यांची तुलनाच करू नका. रोज सकाळी, थंड असताना बघा. बाटलीवर मार्करनं एक रेघ ओढा आणि शेजारी तारीख घाला. चार दिवसांनी रेघ जागेवर असेल, तर तुमचं काम संपलं.

रेघ सोडून पातळी उतरत राहिली, तर तेल तीन ठिकाणी गेलेलं असू शकतं. बोटीच्या आत, समुद्रात, किंवा दोघांच्या मधे. हे मधलं ठिकाण जरा गमतीचं आहे, त्याचं नंतर.

आत शोधणं सगळ्यांत सोपं, म्हणून तिथून सुरुवात. बाटलीचं बूड, नळीची टोकं, क्लिपा, सगळं फडक्यानं कोरडं पुसा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरा. रविवारची पुरवणी मोठी असते, तीही चालेल. सकाळी कागदावर डाग दिसला तर नळी किंवा क्लिप. बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात इंजिनाचं ऑइल, डिझेल, सगळंच तरंगत असतं. मग गिअरचं तेल ओळखायचं कसं? वासानं. त्यात गंधकाची संयुगं असतात आणि त्याचा वास इतका उग्र असतो की एकदा नाकात गेला की जन्मभर विसरत नाही. माझी बायको मी दारात असतानाच सांगते, आज लेग उघडला होता म्हणून.

समुद्रात जात असेल, तर पहाटे वारा पडलेला असताना, बोट बांधलेल्या जागी मागच्या बाजूला वाकून बघा. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग फिरताना दिसतो. पंख्याच्या आसपास काळा ओशट थर दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका. पुष्कळ लेगमध्ये इंजिनाचा धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो आणि त्याची काजळी ओली होऊन अगदी तेलासारखी दिसते. बोटाला लावून वास घ्या. या तवंगाबद्दल एक सांगायला हवं. आमच्या खाडीत ओहोटीला बायका चिखलात बसून तिसऱ्या काढतात. माझी आईही काढायची. लेगमधून दोन दिवसांनी पेलाभर तेल जातं आणि बोटवाला ते भरत राहतो, तेव्हा ते तेल कुठे जाऊन बसतं हे मला त्या चिखलावरून ठाऊक आहे.

तवंग दिसला की पहिलं काम, पंखा काढायचा. माझ्या अनुभवात दहांतल्या निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. आमचा किनारा जाळ्यांचा आणि गळांचा. तंगूस दिसली की ती चाकूनं खरवडून काढू नका, दांड्यावर ओरखडा उठतो, उलगडून काढा. तिथे सहसा एकापाठोपाठ दोन सील असतात. एकाचा ओठ आतल्या बाजूला, तो तेल अडवतो. दुसऱ्याचा बाहेरच्या बाजूला, तो पाणी अडवतो. बसवताना एकही उलटं बसलं तर व्यर्थ. आणि सील बदलण्याआधी दांड्यावरून नख फिरवा. वर्षानुवर्षं सीलचा ओठ एकाच जागी घासून लोखंडातसुद्धा खाच पडते. नख त्या खाचेत अडकलं, तर नवं सील महिनाभर टिकेल आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात. तिथे दांड्यावर पातळ बाही चढवावी लागते किंवा दांडाच बदलावा लागतो. हे मालकाला आधी सांगावं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

पंखा स्वच्छ निघाला, तर तेल भरायचे आणि हवा सोडायचे जे स्क्रू असतात, त्यांचे वॉशर बघा. दर वेळी तेल बदलताना नवे घालायचे असतात. आमच्याकडे ते जपून ठेवून पुन्हा घालतात, जणू सोन्याच्या अंगठ्या. चपटे झालेले वॉशर कितीही आवळा, पाझरतातच. उलट जास्त आवळून आटे जातात. मग लेगचा वरचा आणि खालचा भाग जिथे जोडला आहे तिथली गोल रिंग, गिअर बदलण्याच्या दांड्याचं सील, आणि खाऱ्या पाण्यानं अॅल्युमिनिअम खाऊन पडलेले खड्डे. लेगवर जे जस्ताचे किंवा अॅल्युमिनिअमचे बळीचे तुकडे लावलेले असतात, ते झिजले की समुद्र लेगलाच खायला लागतो.

आता ते मधलं ठिकाण. इंजिन आणि लेग यांच्यामध्ये एक रबरी भाता असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. त्यातून फिरता दांडा जातो. लेग डावी-उजवीकडे वळतो, वर उचलला जातो, म्हणून हा लवचीक भाता. दांडा लेगमध्ये शिरतो तिथलं सील गेलं की तेल या भात्यात साचतं. बाहेर तवंग नाही, आत डाग नाही, आणि बाटली उतरतेच आहे. अशा वेळी लेग उतरवल्याशिवाय इलाज नाही. भात्यात तेल सापडलं तर सील, पाणी सापडलं तर भाताच फाटलेला. आमच्या पाण्यात बोट उभी राहिली की भात्याच्या घड्यांत कडक कवचाचे जीव घर करतात, आणि लेग वळला की तेच धारदार कवच रबर कापतं. तिथून पाणी शिरलं तर बेअरिंग जातं. आणि भाता फारच फाटला तर बोटीतच पाणी.

इतकं करूनही सापडलं नाही तर? तर पंक्चरवाला. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून तो ती पाण्याच्या टोपल्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो, तेच आम्ही करतो. लेगमधलं तेल पूर्ण काढायचं, वरच्या भोकाला मीटर लावलेला हातपंप जोडायचा आणि दहा-पंधरा पौंड हवा भरायची. त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगलं सीलही उखडून येतं. मोठ्या कॉम्प्रेसरला हात लावायचा नाही. मग साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे. शेडमध्ये माझ्याकडे एक जुनी पाण्याची टाकी आहे, खालचा भाग मी तिच्यातच बुडवतो. काटा जागेवर राहिला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. दांडा हातानं फिरवा, गिअर पुढे-मागे टाका. उभं असताना घट्ट बसलेलं सील फिरताना सोडतं. आणि मग उलटी परीक्षा, हवा ओढून घेण्याची. दाब दिला की काही सील ओठ आवळून दांड्याला चिकटतात आणि शहाण्यासारखी वागतात. ओढ दिली की त्यांचं खरं रूप कळतं. ही उलटी परीक्षा पुष्कळ मिस्त्री करत नाहीत. मीही २००६ पर्यंत करत नव्हतो.

तेलाविषयी एक. लेगला बोटीचंच तेल घाला. ट्रकचं नव्वद नंबरचं गिअर ऑइल स्वस्त मिळतं, दिसायलाही तसंच. पण बोटीच्या तेलात थोडं पाणी मिसळलं तरी गंज न चढू देणारी द्रव्यं घातलेली असतात. तेल दुधी झालं, म्हणजे पाणी आत आलं. ते काढून नवं भरून भागत नाही, आधी वाट शोधायची. तळाच्या स्क्रूला चुंबक असतो, त्यावर करड्या पिठासारखं थोडं चिकटलेलं दिसलं तर चिंता नको. कण हाताला टोचले, तर चिंता करा.

आता राहिलेलं सांगतो. त्या पोराला काढल्यावर आठ दिवस मला झोप नीट लागली नाही. पाऊस सुरू झाला, बोटी वर ओढल्या गेल्या, तो वडिलांबरोबर जाळी शिवत बसलेला दिसायचा. मला बघून हात करायचा, तेच जास्त लागायचं. शेवटी जुलैमध्ये भर पावसात मी मालकांच्या बंगल्यावर गेलो आणि सांगितलं की ओत म्हणून मी म्हणालो होतो, बझरकडे लक्ष देऊ नको असंही मीच म्हणालो होतो. वायर त्यानं काढली हे खरं, पण काढायला धीर माझ्यामुळे आला. त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाले, आता दुसरा माणूस ठेवला आहे. त्या बोटीचं काम त्यांनी पुन्हा मला दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग मी पोराच्या घरी गेलो. त्याला म्हटलं, शेडमध्ये ये. चार वर्षं तो माझ्याकडे होता. हवा ओढण्याची परीक्षा आम्ही दोघांनी मिळूनच बसवली. पंप त्यानं कुठल्याशा जुन्या यंत्रातून जमवला. आमच्या शेडचा एकच नियम झाला. बाटली उतरल्याचा फोन आला की किती ओतू याचं उत्तर द्यायचं नाही. बोट आजच्या आज वर घ्यायला सांगायची किंवा आपण तिकडे जायचं. गिऱ्हाईकं कुरकुरली, दोन तुटलीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी बंगल्यावर पाहुणे आलेले असतात, आणि मी म्हणतो बोट पाण्यात घालू नका. राग येणारच.

नंतर तो शारजाला गेला. तिथल्या एका बोटयार्डात आता फोरमन आहे, हाताखाली सात-आठ माणसं. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी तो विचारतो, "काका, कवरा वतू?" मग दोघंही हसतो. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदाच त्यानं ओझरतं सांगितलं, की फळीनं वल्हवत असताना त्याला जहाजाच्या भोंग्यापेक्षा, मागच्या सीटवर गप्प बसलेल्या लहान मुलीची जास्त भीती वाटत होती, कारण ती रडत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात त्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. तिथल्या कुणाच्या बोटीची बाटली. पांढऱ्या प्लास्टिकवर काळ्या मार्करनं ओढलेली रेघ आणि शेजारी मराठी आकड्यांत तारीख, सात महिन्यांपूर्वीची. तेल अगदी रेघेला लागून होतं.